तुम्ही विचारलंत म्हणून: किलर यीस्टचा झोन का दिसत नाही?

"समुद्रातून वेगळं केलेलं यीस्ट किलर आहे म्हणतात, मग आमच्या प्लेटवर झोन का येत नाही?" हा प्रश्न वारंवार येतो. किलर यीस्ट म्हणजे इतर यीस्टना मारणारं विष (टॉक्सिन) सोडणारं यीस्ट. त्या विषाने मरणारं, म्हणजे संवेदनशील, यीस्ट मिसळलेल्या आगराच्या (माध्यम घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) प्लेटवर ते लावलं की भोवती पेशी न वाढलेला पट्टा दिसतो, तोच झोन. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा यीस्टचा दोष नसतो, प्लेट चुकलेली असते.

आधी पीएच बघा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १%, पेप्टोन २%, ग्लुकोज २%, आगर २% हे नेहमीचं माध्यम ६.५ च्या आसपास असतं. किलर टॉक्सिन हे प्रथिन आहे आणि बहुतेकांना आम्लच लागतं. खेकड्यांमध्ये रोग आणणाऱ्या मेश्निकोविया बायकस्पिडाटा या यीस्टला मारणारं पिचिया अनोमाला या यीस्टचं टॉक्सिन ४.५ पीएचला सर्वांत प्रभावी असतं. म्हणून सायट्रेट-फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाला. मात्र बफर आणि आगर एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करू नका. आम्लात तापवलं की आगर तुटतं आणि प्लेट घट्टच होत नाही. दोन्ही दुप्पट तीव्रतेचे वेगवेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळा.

पेशी मेल्या की जिवंत आहेत हे दाखवणारा निळा रंग, मेथिलिन ब्लू, ०.००३% पुरतो. जिवंत पेशी त्याचा रंग घालवतात, मेलेल्या निळ्या राहतात. प्लेट अंधारात ठेवा, कारण उजेडात हा रंगच पेशी मारू लागतो. संवेदनशील यीस्ट ४५ अंशांच्या आगरात मिलिलिटरला साधारण एक लाख पेशी एवढंच मिसळा. जास्त झालं तर टॉक्सिन पसरण्याआधीच थर दाट होतो.

तापमान सगळ्यांना एकच चालत नाही. अंटार्क्टिकच्या गाळातल्या म्राकिया फ्रिजिडा या यीस्टचं टॉक्सिन १६ अंशांना उत्तम चालतं. ते ३० ला ठेवून "नाही" म्हणणं अन्याय आहे. मीठही ०, २, ४, ६% असं बदलून पाहा, पण प्रत्येक मात्रेला किलरशिवायची प्लेट हवीच, नाहीतर मिठाने दमलेल्या पेशी टॉक्सिनच्या नावावर जमा होतात.

झोन आला तरी थांबा. किलर यीस्ट वाढवलेला द्रव गाळून, उकळून पुन्हा लावा. तरीही झोन राहिला तर बहुधा ते प्रथिन नाही; आम्ल असेल, किंवा आणखी काही. आगरात पाडलेली, फक्त बफर घातलेली खाचही शेजारी ठेवा.

बॅक्टेरियावर काहीच झालं नाही म्हणून निराश होऊ नका. ही टॉक्सिनं मुख्यतः इतर यीस्टवर चालतात, तीही निवडक, म्हणून चार-पाच वेगळ्या जाती लावून बघा.

आणि टॉक्सिन घट्ट करताना १० किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं एकक) चाळणी, म्हणजे मोठे रेणू वर अडवणारा पडदा, डोळे मिटून घेऊ नका. विलिओप्सिस सॅटर्नसचं टॉक्सिन जेमतेम ११ किलोडाल्टनचं आहे. त्यातलं बरंचसं खालच्या द्रवात निघून जाऊ शकतं, आणि नेमका तोच द्रव आपण ओतून देतो.