उलटा गड: काला गोलोरित्से

सह्याद्रीत चालणाऱ्यांचा एक ठरलेला हिशेब असतो. गारव्यात चढायचं, माथ्यावर डबा सोडायचा आणि ऊन कलल्यावर गुडघे सांभाळत उतरायचं. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व बाजूचं काला गोलोरित्से, कड्यांखालचा एक छोटा समुद्रकिनारा, हा हिशेब उलटा करतं. इथे गाडी वर लागते. पायांत जोर असतो तेव्हा उतार येतो, आणि पोहून झाल्यावर, अंगावर मीठ वाळलेलं असताना, ४७० मीटरची चढण समोर उभी राहते. इथे जे हाल होतात ते बहुतेक सगळे या एका गोष्टीचा अंदाज न आल्यामुळे होतात.

इटालियनमध्ये ‘काला’ म्हणजे कड्यांच्या कुशीतलं छोटं आखात. ओरोसेईच्या खाडीत असे काला एकापाठोपाठ एक आहेत: लूना, सिसिने, बिरिओला, मारिओलू. गोलोरित्से त्यांतला दक्षिणेकडचा, बाउनेई गावाच्या हद्दीतला. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी होडी थेट काठाला लागते, इथे नाही. पाण्यात पिवळ्या बोयांची, म्हणजे हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची, रांग आहे आणि इंजिनाची होडी तिच्या आत येऊ शकत नाही. सांता मारिया नावार्रेसे, आर्बाताक्स किंवा काला गोनोने इथून सुटणाऱ्या फेऱ्या बोयांच्या बाहेर थांबतात, लोक फोटो काढतात आणि होडी पुढे जाते. बंदरातल्या फलकांवर मात्र सगळ्यात मोठा फोटो बहुधा याच काठाचा असतो. त्यामुळे तिकीट घेतानाच विचारून घ्या की उतरायला कुठे मिळणार. उत्तरात मारिओलू किंवा लूना येईल, गोलोरित्से येणार नाही. ज्यांना चालणं जमणार नाही त्यांनी मारिओलूला उतरावं, पाणी तिथलंही तितकंच नितळ आहे. त्या नावामागची गोष्टही छान आहे. कोळ्यांच्या जाळ्यातले मासे पळवणाऱ्या सील या समुद्री प्राण्याला ते ‘मारिओलू’, म्हणजे चोर, म्हणत.

होड्यांवरची ही बंदी मला मनापासून पटते. काठ इतका लहान आहे की दोन मोठ्या होड्यांतली माणसं उतरली तर टॉवेल पसरायला जागा उरणार नाही. चालत येणाऱ्यांवरही मर्यादा आहे: हंगामात दिवसाला २५० माणसं. जागा आधी ‘हार्ट ऑफ सार्डिनिया’ या अॅपवर धरावी लागते. अलीकडच्या हंगामांत माणशी ७ युरो पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल या भरवशावर राहू नका. दुपारनंतर खाली सोडणं बंद होतं आणि संध्याकाळी काठ रिकामा करायला लावतात. मे-जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, मे महिन्यात पाण्यात शिरताना दात वाजतात.

सार्डिनियाची राजधानी काल्यारी, तिथून बाउनेई गाडीने अडीच तासांच्या आसपास. गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. बाउनेईत मुख्य रस्ता सोडला की गावाच्या डोक्यावरून नागमोडी घाट सुरू होतो. पहिली दोन वळणं इतकी उभी आहेत की लहान इंजिनाची भरलेली गाडी पहिल्या गिअरवरच काढावी लागते. वर गोल्गोचं पठार लागतं: तांबडी माती, मोकाट डुकरं, गाढवं आणि वाकडीतिकडी ओकची झाडं. साधारण आठ किलोमीटरनंतर सू पोर्तेद्दूचा तळ येतो, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. चौकी, खाणं आणि स्वच्छतागृह इथेच आहे. खाली यातलं काहीही नाही. प्यायचं पाणी नाही, टपरी नाही, कचऱ्याचा डबा नाही.

वाट एका बाजूने साडेतीन किलोमीटर आहे. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं ती चक्क चढते आणि अन्निदाई नावाच्या खिंडीशी सगळ्यात उंच होते. हा छोटा चढ ध्यानात ठेवा, परत येताना तोच शेवटचा उतार होतो आणि पायांना बरं वाटतं. खिंडीपलीकडे नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, सुरू होते आणि थेट समुद्रापर्यंत जाते. वाट शोधावी लागत नाही, पण पायाखालचं बघावं लागतं. सगळा चुनखडीचा दगड आहे. हजारो पावलांनी घासून काही पायऱ्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत. मधल्या पट्ट्यात सुटा घसारा आहे, आपल्याकडच्या नाळेत असतो तसाच. फरक इतकाच की आपला बेसॉल्ट बुटाला धरतो, ही झिजलेली चुनखडी कोरड्या दिवशीही धरत नाही. घोटे मुरगळतात ते बहुतेक उतरताना, समुद्र दिसला की नजर वर जाते त्या क्षणी. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत. काठावरच्या स्लिपर पिशवीत न्याव्यात, पायात नको.

ही वाट पर्यटकांसाठी पाडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या मुख्य भूमीवरून, विशेषतः तोस्काना प्रांतातून आलेल्या कोळसा पाडणाऱ्यांनी या डोंगरांतली ओकची झाडं तोडली आणि माल खाली नेण्यासाठी खेचरवाटा बांधल्या. सह्याद्रीत कातकऱ्यांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या तोच प्रकार. नाळेत जे मोठे ओक आज सावली देतात, त्यांच्याकडे मी त्या तोडीनंतर उरलेलं म्हणून बघते. मेंढपाळांचे आसरेही दिसतात. त्यांना इथे ‘कुइले’ म्हणतात. दगडाची गोल जोती आणि त्यावर ज्युनिपरच्या खोडांचा शंकू. धनगरवाडा पाहिलेल्या माणसाला त्यांची मांडणी लगेच कळते: कुंपण कुठे, कोकरं कुठे, वाऱ्याकडे पाठ कोणत्या बाजूला.

उतरताना झाडी मध्येच विरळ होते आणि सुळका दिसतो. आगुल्या त्याचं नाव, उंची १४३ मीटर. अलेस्सांद्रो गोन्या आणि ‘मानोलो’ नावाने ओळखला जाणारा माउरित्सिओ झानोल्ला यांनी १९८१ मध्ये त्यावर चढाई केली. आजही सकाळी रंगीत ठिपक्यांएवढी माणसं त्यावर हलताना दिसतात. ज्यांनी सह्याद्रीतल्या वजीर सुळक्याखाली मान वर करून उभं राहून पाहिलंय, त्यांना तसंच पोटात काहीतरी होतं. फक्त इथे पायथ्याशी जंगलाऐवजी असा निळा रंग असतो की त्यावर सुळक्याची सावलीसुद्धा निळीच पडते. मी या वळणावर प्रत्येकाला पाच मिनिटं थांबायला सांगेन. खाली गेल्यावर सुळका इतका डोक्यावर येतो की पूर्ण दिसत नाही. सार्डिनियाच्या प्रशासनाने १९९३ मध्ये या जागेला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला तो मुख्यतः याच दगडामुळे.

काठ मात्र सुळक्याच्या मानाने कालपरवाचा आहे. १९६२ मध्ये इथे दरड कोसळली, लाटांनी तो दगड घासून गोल केला आणि आजचा पांढऱ्या गोट्यांचा किनारा तयार झाला. वाळू शोधत येणाऱ्यांची निराशा होते. गोटे वाटाण्यापासून अंड्याएवढे आहेत, उन्हात तापतात आणि अनवाणी चालताना टोचतात. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट पिशवीत असले तर फार सोय होते. टॉवेलखाली जाडसर चटई हवी. गोट्यांचा उतार पाण्यात लगेच खोल जातो, म्हणून लहान मुलं हाताच्या अंतरावर ठेवा. पाण्यात मधूनच थंडगार पट्टा पायांना लागतो. चुनखडीच्या पोटातून मुरलेलं गोडं पाणी इथे समुद्राच्या तळाशी झऱ्यांनी बाहेर पडतं. समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडे दगडी कमान आहे, तिच्याखालून पोहत जाता येतं. कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली बघून पथारी टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. काठ दरडीनेच तयार झाला आहे आणि दगड अजूनही सुटतात.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. वायव्येचा माएस्त्राले सुटला की बेटाचा पश्चिम किनारा खवळतो, पण इथे कडे आडवे येतात आणि पाणी तळ्यासारखं पडून राहतं. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असेल तर उलट. लाट थेट काठावर आदळते, गोटे पायांखालून ओढले जातात आणि पोहणं धोक्याचं होतं. आदल्या रात्री हवामानात फक्त वाऱ्याची दिशा बघितली तरी पुरतं.

आता तो चढ. ऐन उन्हाळ्यात बारा ते तीनच्या मध्ये तो अंगावर घेऊ नका. काठ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी ऊन सरळ येतं आणि दुपारनंतर कड्यांची सावली सरकत खाली येते. म्हणून दोनच वेळा मला योग्य वाटतात. एक तर चौकी उघडताच निघून नऊच्या सुमारास पाण्यात शिरायचं आणि दहाला वाटेला लागायचं. फेऱ्यांच्या होड्या समोर गर्दी करण्याआधीचा तो तास सगळ्यात शांत असतो. नाहीतर साडेतीननंतर, नाळेत सावली भरल्यावर. उतरायला तास-सव्वा तास, चढायला दीड ते दोन तास धरा. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर चढासाठी वेगळ्या बाटलीत. एकाच बाटलीतून पीत राहिलं की काठावरच संपतं. ओआरएसची दोन पाकिटं इथून नेलेली बरी. निघण्याआधी अंगावरचं मीठ ओल्या फडक्याने पुसून कोरडे मोजे घाला. मिठाने ओल्या पायांवर बूट चढवले की अर्ध्या वाटेत टाचेला फोड येतो.

डब्यासाठी पाने काराझाऊ घ्या. मेंढपाळांची ही पापडासारखी कोरडी भाकरी उन्हात मऊ पडत नाही. सोबत पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, आणि टोमॅटो. सालं, खरकटं सगळं परत वर न्यायचं. गोटे मात्र वर आणायचे नाहीत, एकही नाही. सार्डिनियात किनाऱ्यावरचा दगड, वाळू, शिंपला नेल्यास ५०० ते ३००० युरो दंड आहे. मुलांच्या खिशांत आणि टॉवेलच्या घडीत नकळत राहतात, तेवढे झटकून घ्यावेत.

वर पोचल्यावर वेळ उरला तर सान पिएत्रोचं पांढरं चर्च आणि त्याच्याजवळचं ‘सू स्तेर्रू’ बघता येतं. २७० मीटर खोल सरळ विवर, कुंपणाच्या आतून वाकून पाहायचं. नंतर बाउनेईत कुलुर्जोनेस मागवा. बटाटा, पेकोरिनो आणि पुदिन्याचं सारण भरलेल्या या पारीला जी गव्हाच्या ओंबीसारखी मुरड घालतात, ती पाहून करंजीला मुरड घालणारे हात आठवतात. शाकाहारी असाल तर पिठात डुकराची चरबी घातली आहे का ते विचारा. त्यासाठी शब्द ‘स्त्रुत्तो’.