ताईची ओढणी

सकाळपासून फोन हातात घेतेय आणि खाली ठेवतेय. ताईला विचारणार तरी काय? ‘ओढणी कुठेय गं?’ असं विचारलं, तर मला उत्तर आधीच माहीत आहे हे तिला आवाजावरूनच कळेल. म्हणून इथे लिहितेय.

झालं एवढंच. काल पार्ल्याच्या प्रदर्शनात, जेवणानंतर गर्दी ओसरते त्या वेळेला, एक मुलगी स्टॉलवर आली. पाठीला सॅक, हातात फोन, गळ्यात ओढणी. मंजिष्ठेच्या लाल रंगाची, बांधणीची. मी आधी रंग ओळखला. मग तिने ओढणी मागे टाकली, कोपरा वर आला आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं.

त्या कोपऱ्यातला एक ठिपका गोल नाही. मुगाचा दाणा घालून बांधलेली गाठ तिथे रंगाच्या पातेल्यात सैल झाली होती, रंग आत शिरला आणि गोल ठिपक्याऐवजी चंद्रकोर उमटली. मी ती ओढणी विक्रीच्या ढिगातून बाजूला काढत होते, तेव्हा ताई शेजारी बसली होती. तीच म्हणाली, “ही मला दे. ही कोर माझी खूण.” मागच्या दिवाळीची गोष्ट. मी इस्त्री करून, कागदात गुंडाळून दिली.

“मॅम, हा रंग अजून आहे का? आईला हवाय,” मुलगी म्हणाली. मग समोरच्या ओढण्या चाळता चाळता, “माझी पण तुमच्याकडचीच आहे का? सेम वाटतेय.”

“असेल,” मी म्हणाले.

“मला गिफ्ट मिळालीये. मुलुंडला आमच्या समोरच्या काकूंनी दिली, बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा. त्यांनी बजावलंय, हाताने रंगवलेली आहे, पावडर लावायची नाही, रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि सावलीत वाळवायची.”

पावडर, रिठा, सावली. सगळे माझे शब्द, त्याच क्रमाने. म्हणजे काकू ही ताईच. धुण्याची रीत सांगितली, पण रंगवली कोणी ते नाही सांगितलं. ‘माझ्या बहिणीने’ हे दोन शब्द जड होते का?

बारावीचा रिझल्ट उन्हाळ्यात लागतो. गणपतीत मी ताईला विचारलं होतं, “ओढणी घेत नाहीस का गं पंजाबीवर?” तेव्हा ती म्हणाली होती, “जपून ठेवलीय कपाटात. तुझ्या हातची आहे ना.” तेव्हा किती बरं वाटलं होतं मला. म्हणजे तेव्हा ओढणी कपाटात नव्हतीच. समोरच्या घरात दोरीवर वाळत असेल. तिने दिली हे एक वेळ मी समजू शकते. पण जपून ठेवलीय असं का सांगितलं? मला न दुखवण्यासाठी? की विषय संपवण्यासाठी? रात्रभर ह्याच दोघांत फिरत होते.

ती ओढणी करायला काय लागलं ते ताईने बघितलंय, म्हणून जास्त लागलं. मंगळदास मार्केटातली मलमल. आधी सोडा आणि साबणाच्या पाण्यात उकळून तिची सगळी खळ काढायची, नाहीतर रंग नुसता वर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. मग हिरड्याच्या पाण्यात रात्रभर. कापूस रंगाला लवकर धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आधी धाग्याला धरतं आणि ते तुरटीला धरतं, तुरटी रंगाला. हिरड्यातून निघालेलं कापड मळकट पिवळं दिसतं, नवीन माणसाला वाटतं बिघडलं. मग तुरटी. मग बांधणं, एकेक दाणा, एकेक गाठ. नखाच्या कडेला दोऱ्याचा काप पडतो तो आठवडाभर भाजी चिरताना झोंबतो.

मंजिष्ठा ही मुळं असतात. मसजिद बंदरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणते, घरी कुटून भिजत घालते. तिला घाई चालत नाही. पातेल्यातलं पाणी बोट ठेववत नाही एवढं तापलं की गॅस बारीक करायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. उकळी फुटली की आतला तपकिरी रंग सुटतो आणि लाल मरतो. आपल्या मुंबईचं पाणी तलावांचं, तानसा, वैतरणा, भातसा. ते मऊ पाणी, आणि मंजिष्ठेला लाल व्हायला पाण्यात चुन्याचा अंश लागतो. म्हणून मी चिमूटभर खडूची पूड घालते. हे सगळं ताईला त्या दिवशी सांगितलं होतं. ती ऐकत होती, पातेल्यात डोकावत होती. “किती सुंदर गं,” म्हणाली होती. खोटं नव्हती म्हणाली. तिचा चेहरा मला कळतो.

मग?

ह्यांना रात्री सांगितलं. ते म्हणाले, “विकत दिली असतीस तर तुला एवढं लागलं नसतं.” मी चिडले. ताईकडून पैसे घेऊ? पण भांडी घासताना तेच वाक्य परत परत येत राहिलं. खरंच, स्टॉलवरून जे जातं त्याचं मी कधी मागे वळून बघत नाही. बायका येतात, कापड चोळून बघतात, “रंग जातो का?” विचारतात, भाव करतात, समोरच्या स्टॉलवर जाऊन येतात, परत भाव करतात. कधी कधी वैताग येतो. तरी शेवटी स्कॅन करून पैसे भरतात तेव्हा ती वस्तू त्यांनी स्वतः निवडलेली असते. दहा ओढण्यांतून हीच. नंतर त्यांनी ती वापरली, फाडून उशीचे अभ्रे केले, सुनेला दिली, मला काय त्याचं?

ताईच्या ओढणीबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. आणि ती तर तिने स्वतः मागून घेतली होती. कोर माझी खूण म्हणाली होती. हे लिहिताना परत डोळे भरून येतायत. कोणाला सांगितलं तर म्हणतील, एका ओढणीवरून? हो, एका ओढणीवरून. आई गेल्यावर आमच्या दोघींत जे काय उरलंय ते असल्याच देण्याघेण्यात आहे.

असो. त्या मुलीचं राहिलं.

तिने ओढणीवरचा एक डाग दाखवला. लालात एक नारिंगी ठिगळ, तळहाताएवढं. “कॅन्टीनमध्ये लिंबू सरबत सांडलं. निघेल का?” मंजिष्ठेचा लाल आंबटाला नारिंगीकडे जातो आणि सोड्याला जांभळटाकडे. मी तिला सांगितलं, साध्या पाण्यात खायचा सोडा अगदी थोडा घालून तेवढाच भाग बुडवून बघ, लगेच धू. फरक पडेल, पूर्वीसारखं होईलच असं नाही. तिने फोनवर टिपून घेतलं. मग मी ओढणी हातात घेतली. मला ती ओळखू आली नाही, म्हणजे हाताला. मी दिली तेव्हा मलमल जरा कडक होती. आता धुऊन धुऊन इतकी मऊ झालीय की मुठीत मावते. एका टोकाला खिळ्यात अडकून फाटली असावी, तिथे तिने लाल दोऱ्याने बारीक टाके घातलेत. नीट जुळणारा लाल शोधून आणलाय.

“रोज घालतेस?” मी विचारलं.

“जवळजवळ रोज. ट्रेनमध्ये तोंडाला बांधायला, एसीत अंगावर घ्यायला. काकू म्हणतात, वापर, ठेवून काय करणार.”

हे ताईचं वाक्य आहे. शंभर टक्के ताईचंच. आणि हे ऐकल्यापासून माझी चीड थोडी ढिली पडलीय, नाही म्हणत नाही. ताईकडे राहिली असती तर खरंच कपाटात राहिली असती, डांबरगोळ्यांच्या वासात, घडीवर घडी. भाऊजी गेल्यापासून ती लाल अंगावर घेत नाही. कोणी अडवलेलं नाही, मुलं उलट आग्रह करतात. तिचं तिचंच काहीतरी आहे, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. माझ्याकडून हौसेने मागून घेतली आणि घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली असेल. त्यानंतर काय झालं असेल, हे मी लिहीत नाही.

आणि बारावी पास झालेल्या पोरीला द्यायला घरात हजार वस्तू होत्या. पाकीट देऊन मोकळी झाली असती. तिने ही दिली. धुण्याची रीत पाठ करून दिली.

नावाचं मात्र अजून टोचतंय, ते टोचत राहील. खरं तर ह्या कामात रंगाऱ्याचं नाव उरत नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता, मंजिष्ठेच्याच जातीच्या रंगातला. तो कापूस आहे हे तपासून सांगणारी प्रयोगशाळा आपल्या माटुंग्यातली, १९२४ साली सुरू झालेली. गुलाटी आणि टर्नर ह्यांनी १९२८ साली त्यावर लिहिलं. तपासणाऱ्यांची नावं आपल्याला कळली. सापडलेलं भांडं कळलं. रंगवलं कोणी, तो पुरुष होता की बाई, पत्ता नाही. चार हजार वर्षांहून जुना तुकडा, आणि लाल तेवढा ओळखता आला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला होता, आज जरा वाईट वाटतंय. त्यालाही कोणीतरी म्हणालं असेल, किती सुंदर.

ओढण्यांना नावाची पट्टी शिवावी असं मैत्रिणी किती दिवस सांगतायत. मी टाळत होते, मलमलीला ती टोचते म्हणून. आता वाटतं, शिवावी. अगदी लहान, पदराच्या आतल्या बाजूला, सुतीच, नावासकट. ह्या नव्या खेपेपासून सुरुवात करते.

ताईला फोन नाही करत. भाऊबीजेला दादाकडे भेट होईलच. ह्या वेळी कागदात गुंडाळून काही नेणार नाही. तिला म्हणेन, घरी ये, दोरीवर आहेत त्या सगळ्या बघ, हवी ती घे, नको असेल तर नको म्हण, मला राग येणार नाही. राग येईल थोडा, पण म्हण. बहुतेक ती निळ्याकडे बघेल. निळीचा पिंप गेले काही दिवस सुस्तावलाय, वर तांब्यासारखी साय धरत नाही, ढवळलं तरी खालचं पाणी हिरवट-पिवळं दिसत नाही, म्हणजे कापडाला रंग नीट धरणार नाही. आज रात्री त्यात गूळ आणि चुना घालून झाकून ठेवते. भाऊबीजेपर्यंत जागा व्हायला हवा.