तुम्ही विचारलंत म्हणून: आरव्हीतले सॉकेट आणि इन्व्हर्टर

‘बाहेरून वीज घ्यायची जी जाड केबल असते, तीच इन्व्हर्टरला लावली तर आरव्हीतले सगळे सॉकेट चालू होतील ना?’ आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन वीजजोडणी नसलेल्या जागी मुक्कामाचा बेत ठरला की हा प्रश्न मला हमखास येतो. होतील. पण सॉकेटांबरोबर आणखी काय काय जागं होतं, ते आधी पाहा.

पहिला जागा होतो बॅटरी चार्जर. बाहेरची वीज आली असं समजून तो बॅटरी भरायला घेतो, आणि ती वीज येत असते त्याच बॅटरीतून. विहिरीतलं पाणी शेंदून परत विहिरीतच ओतायचं आणि दर खेपेला थोडं सांडायचं, तसं हे. माझ्या पहिल्या मुक्कामात मी नेमकं हेच केलं. रात्री फक्त लॅपटॉप लावला होता. पहाटे बॅटरी पार उतरली, गॅस हीटरचा पंखा बंद पडला आणि आम्ही सगळे कुडकुडत उठलो. कारण सापडायला मला पूर्ण दिवस लागला.

दुसरा फ्रिज. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज ‘ऑटो’वर असेल, तर वीज दिसताच तो गॅस सोडतो आणि काहीशे वॅट ओढू लागतो. पाणी तापवायचा हीटरही विजेवर असेल तर तोच प्रकार. म्हणून केबल लावण्याआधी चार्जरचा ब्रेकर पाडा, फ्रिज गॅसवर घ्या, वॉटर हीटर बंद करा.

रोजची गरज असेल तर मात्र मोजक्या सॉकेटांचं सर्किट वेगळं काढून ट्रान्सफर स्विचवर घ्या. बाहेरची वीज किंवा इन्व्हर्टर, एका वेळी एकच जोडलं जातं. दोन्ही एकमेकांवर आले तर इन्व्हर्टर जळतो. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून सॉकेटमधून उलटी वीज सोडायचा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. एक टोक सुटलं की उघड्या पिनांत वीज असते. माणूस जातो त्यात. न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडायचे, हे इन्व्हर्टरवर आणि बाहेरच्या विजेवर वेगळं असतं. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

वायरचं म्हणाल, तर १५०० वॅटचा लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअर ओढतो, आणि इन्व्हर्टरमधली घट धरली तर १४०च्या आसपास. त्यामुळे बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि आखूड हवी, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. इथे पैसे वाचवू नका, आग इथेच लागते.

१०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण १२८० वॅट-अवर असतात. एवढ्या लोडवर ती तासभरही टिकत नाही. लेड-ॲसिड तर निम्म्याच्या खाली नेऊ नये. आणि रिकामा इन्व्हर्टरही थोडी वीज खातच असतो, म्हणून झोपताना तो बंद करा.