सईचं कर्ज

बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसले. लोकांच्या मुलांच्या फायली बिनघोर पुढे सरकवल्या. या वेळी अर्जदार माझीच लेक आहे आणि तारण आमचा जुळे सोलापुरातला फ्लॅट.

सईला पायलट व्हायचंय, तेही एटीआर जातीच्या विमानाची. २०२५च्या जूनमध्ये होटगी रोडच्या विमानतळावर गोव्याहून फ्लाय ९१चं विमान यायला लागलं, तेव्हापासून तिने हेच धरलंय. सत्तरेक सीटचं, पंख्याचं विमान. "आई, मोठी विमानं उडवणारे पुष्कळ आहेत. मला आपल्यासारख्या गावांना जोडणारं उडवायचंय," असं म्हणाली, तेव्हा मला भरून आलं.

मोठ्या एअरलाइनचा कॅडेट प्रोग्रॅम, म्हणजे कंपनीनेच आखलेला पायलटचा कोर्स, पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. खर्च कोटीच्या घरात, आणि शिक्षण बहुतेक एअरबसचं. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायची वेगळी परवानगी; एअरबसचं एटीआरला चालत नाही. परदेशात उड्डाणाचे तास लवकर होतात हे खरं, पण परत आल्यावर डीजीसीएचे, म्हणजे आपल्या सरकारी विमान खात्याचे, पेपर द्यायचे आणि लायसन्स इथलं करून घ्यायचं हे आहेच. मग उरलं इथलं फ्लाइंग स्कूल.

सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात. शाळा तासांवर पैसे सांगतात, आणि बहुतेक पालक तेवढाच आकडा बघतात. मीही तेच करणार होते. एका शाळेत गेलो तेव्हा हँगरबाहेर बसलेल्या मुलाने सईला त्याचं लॉगबुक दाखवलं. नोव्हेंबरची दोन पानं गच्च भरलेली. जुलैच्या खाली फक्त तीन ओळी. ढग खाली, व्हिजिबिलिटी नाही, विमान हँगरात. त्यात सातपैकी तीन विमानं दुरुस्तीला, म्हणजे पाऊस उघडला तरी नंबर लागेना. पोरगं दीड वर्षात १२० तासांवर होतं. शांतपणे सांगत होतं, पण पान उलटताना त्याचा अंगठा जुलैवरच थांबला.

घरी येऊन मी कागद घेतला. ४५ लाख उचलले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर महिन्याला साडेसदतीस हजार. हप्ता सुरू झाला नसला तरी व्याज चालूच असतं. हप्त्याची सवलत कोर्सची मुदत अधिक एक वर्ष. कोर्स लांबला की नोकरी शोधायला ठेवलेलं ते वर्ष जमिनीवर बसूनच संपतं. शिवाय सीपीएलच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांत काही तास उडवलेले लागतात; रेंगाळलं की पुन्हा पदरचे पैसे घालून उडा.

म्हणून आता मी शाळांना फी नंतर विचारते. आधी विचारते: उडती विमानं किती, मुलं किती, मागच्या बॅचचे २०० तास किती महिन्यांत झाले? एकरकमी आगाऊ मागणाऱ्यांना सरळ नाही. आम्ही बँकवालेही पैसे टप्प्याटप्प्यानेच सोडतो.

सईशी खरा वाद झाला तो टाइप रेटिंगवरून. तिच्या मैत्रिणीने नोकरीआधीच स्वतःच्या पैशाने करून ठेवलंय. तिला वाटतं आपणही करावं. मी ठाम आहे. कंपनीने बोलावल्याशिवाय तो पैसा हलणार नाही, पण कर्जाच्या मर्यादेत त्याची जागा आजच राखून ठेवायची. सीपीएल हातात आणि रेटिंगला दमडी नाही, अशा दोन फायली मी स्वतः हाताळल्यात. आई-बापांचे चेहरे अजून आठवतात.

ठरलं ते असं. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स हे डीजीसीएचे पेपर घरी राहून अभ्यास करूनच द्यायचे. प्रत्येकात ७० टक्के हवेत. तेवढ्यात पावसाळा सरेल, आणि ती ऑक्टोबरात शाळेत जाईल. पण त्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची आरोग्य तपासणी. डोळ्यांत किंवा कानांत काही निघालं तर फ्लॅट अजून आमच्याच नावावर मोकळा असेल.

मेडिकलसाठी बंगळुरूची तारीख मिळालीय. उद्यान एक्स्प्रेसची दोन तिकिटं काल काढली.