पीजीबाउन्सर आणि दोन रेप्लिका: कनेक्शनं निम्मी-निम्मी, काम मात्र एकीकडेच

दोन रेप्लिकांना कनेक्शनं सारखी मिळूनही काम एकीकडेच का जातं, हे मागच्या नोंदीतलं कोडं सुटलं, आणि उत्तर एका ओळीचं निघालं.

मांडणी तीच आहे: पोस्टग्रेस डेटाबेसची एक प्रायमरी (लिहिणं होतं तो मुख्य सर्व्हर), दोन रेप्लिका (तिच्या फक्त वाचायच्या प्रती), पुढे ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन मोकळं) पीजीबाउन्सर, म्हणजे तयार कनेक्शनं साठवून वाटून देणारा मध्यस्थ, पूल २० कनेक्शनांचा. रीडच्या डेटाबेस-ओळीत होस्टच्या जागी दोन्ही रेप्लिकांचे पत्ते स्वल्पविराम देऊन. पीजीबाउन्सरच्या कन्सोलवरचं 'शो सर्व्हर्स' प्रत्येक रेप्लिकेची १०-१० कनेक्शनं दाखवत होतं, म्हणून वाटणी बरोबर आहे असंच वाटत राहिलं. मग दोन्ही रेप्लिकांवर पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_डेटाबेस या आकडेवारीतला एक्स-अ‍ॅक्ट_कमिट (पूर्ण झालेल्या ट्रान्झॅक्शनांचा आकडा) दहा मिनिटांच्या अंतराने वाचला. पहिलीचा आकडा भराभर चढत होता, दुसरी जवळपास निवांत.

कारण असं की पीजीबाउन्सर मुळात शेवटी मोकळं झालेलं कनेक्शनच आधी पुन्हा वापरतो. मागे एकच सर्व्हर असेल तर हे उत्तम, थोडीच कनेक्शनं गरम राहतात. पण लोड कमी असताना वरची तीन-चार कनेक्शनं एकाच रेप्लिकेची निघाली, तर बाकीच्यांची पाळीच येत नाही. शो सर्व्हर्समधला रिक्वेस्ट_टाइम रकाना (कनेक्शन शेवटचं कधी वापरलं) पाहिला की हे लगेच दिसतं. तो आधीच पाहायला हवा होता.

उपाय: सर्व्हर_राउंड_रॉबिन = १, मग रीलोड. दोन्ही रेप्लिकांचे आकडे आता बरोबरीने चढताहेत. हे पाहण्यात फार समाधान आहे! एक परिणाम लक्षात ठेवा: सगळी कनेक्शनं आळीपाळीने वापरली जात असल्याने सर्व्हर_आयडल_टाइमआउटची (रिकामं कनेक्शन बंद करण्याची मुदत) ६०० सेकंदं सहसा भरत नाहीत, पूल आकसत नाही.

दुसरी अडचण रेप्लिका रीस्टार्ट केल्यावरची. तिची कनेक्शनं तुटतात, नवी जिवंत रेप्लिकेवर बनतात आणि ती परत आली तरी तिथेच राहतात, कारण सर्व्हर_लाइफटाइम (कनेक्शनचं कमाल वय) मुळात ३६०० सेकंद आहे. तो ६०० केला. घाई असेल तर अ‍ॅडमिन कन्सोलवर 'रीकनेक्ट': चालू ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन बंद होतं, अ‍ॅप्लिकेशनला पत्ता लागत नाही. 'किल'पेक्षा हे कितीतरी सभ्य.

पीजीबाउन्सर होस्ट प्रायमरी आहे की स्टँडबाय (म्हणजे रेप्लिका) हे विचारत नाही. पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत, लिबपीक्यूमध्ये, आवृत्ती १४ पासून टार्गेट_सेशन_अ‍ॅट्र्सला 'प्रिफर-स्टँडबाय' (जमेल तर रेप्लिकाच निवड) मिळालंय, इथे तसं काही नाही. फेलओव्हरमध्ये, म्हणजे प्रायमरी पडल्यावर, रेप्लिका प्रमोट होऊन प्रायमरी झाली की रीडचा पूल गुपचूप प्रायमरीवर जातो. म्हणून रीडच्या रोलला फक्त सिलेक्टचे हक्क दिलेत. डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली चालू ठेवलंय, पण सेशनमधून ते बदलता येतं, त्यामुळे भिस्त हक्कांवरच.

एचएप्रॉक्सी (सर्व्हर तपासून त्यांच्यात लोड वाटणारा प्रॉक्सी) काढून टाकायचा बेत होता. हे लिहिताना तो बदलला. मागे पडलेली रेप्लिका बाजूला काढायला पॅट्रोनीच्या (पोस्टग्रेसचं फेलओव्हर सांभाळणारं साधन) ८००८ पोर्टवर 'रेप्लिका?लॅग=१६एमबी' अशी तपासणी लावण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. तेव्हा पीजीबाउन्सरच्या मागे, फक्त रीडसाठी, एचएप्रॉक्सी राहील. 'ऑन-मार्क्ड-डाउन शटडाउन-सेशन्स' लावायचं की नाही हे ठरायचंय: लावलं तर लॅग वाढताच चालू क्वेऱ्या तुटतील, नाही लावलं तर जुनी कनेक्शनं शिळा डेटा वाचत राहतील. लाइफटाइम ६०० असल्याने आधी न लावता पाहायचं.