अरारात वानमधून दिसत नाही
शिंद्यांच्या फौजेत कर्नल जेकब नावाचा एक आर्मेनियन अधिकारी होता, आम्हा ग्वाल्हेरवाल्यांची आर्मेनियन लोकांशी ओळख फार तर एवढीच. त्यामुळे ॲटम एगोयान या आर्मेनियन वंशाच्या कॅनेडियन दिग्दर्शकाचा 'अरारात' (२००२) मी लावला तो नुसता उत्सुकतेपोटी, आणि मग आर्मेनियन संहारावरचं जे मिळेल ते बघत सुटलो.

थोडक्यात सांगतो. १९१५ पासून ऑटोमन (म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या) सरकारने आपल्याच आर्मेनियन प्रजेला गावंच्या गावं रिकामी करून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं, वाटेत कत्तली, उपासमार, पोरीबाळी पळवणं, मेलेल्यांचा आकडा पंधरा लाखांपर्यंत सांगतात. आणि तुर्की सरकार आजही म्हणतं की महायुद्ध चालू होतं, सगळ्याच बाजूची माणसं मेली, ठरवून संहार वगैरे काही केला नाही.

आता अशा विषयावर सिनेमा काढायचा म्हंजे पंचाईत बघा. सिनेमा म्हटलं की थोडं रचावं लागतंच, पण इथे समोरचा टपूनच बसलाय, एक सीन खोटा सापडला की तो म्हणणार बघा, सगळंच रचलेलं आहे! एगोयानने ही पंचाईतच सिनेमात घातली. 'अरारात'मध्ये एक म्हातारा दिग्दर्शक वान शहराच्या १९१५ च्या वेढ्यावर सिनेमा बनवतोय (हे काम शार्ल अझनावूरने केलंय, हो तोच फ्रेंच गायक, तोही आर्मेनियनच), आणि त्याच्या सेटवर मागे पडद्यावर अरारात पर्वत, आर्मेनियन लोकांची खूणच ती, रंगवलाय. एक बाई सांगते की अहो वानमधून अरारात दिसत नाही. तर तो म्हणतो, भावार्थाने खरंच आहे की. मला हे फार आवडलं, खोटं काय आहे ते सिनेमाने स्वतःच दाखवून टाकलं, आता पकडणार काय?

पण खरा सीन पुढे आहे. त्या आतल्या सिनेमात क्रूर तुर्की अधिकाऱ्याचं काम करणारा नट अली स्वतः अर्धा तुर्की. राफी नावाचा आर्मेनियन पोरगा त्याला घरी सोडायला जातो आणि विषय काढतो. अली चिडत नाही, आरडाओरडा नाही. म्हणतो, तू इथलाच, कॅनडातला, मी पण इथलाच, हा नवा देश आहे, सोड ना तो इतिहास, चल आत, ही शॅम्पेन उघडू. बस. कत्तलीचे सगळे सीन एकीकडे आणि ही शॅम्पेनची बाटली एकीकडे. नाकारणारा माणूस नेहमी डोळे वटारूनच येतो असं थोडीच आहे, बऱ्याचदा तो चांगला हसतमुख असतो आणि खायला-प्यायला बोलावतो. (आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखाद्या जुन्या मराठी घरी बसून १८५७, झाशीची राणी आणि शिंदे हा विषय काढून बघा, चहा लगेच पुढे सरकतो की नाही. संहाराशी तुलना नाही हो, फक्त तो आवाज ओळखीचा वाटला.)

बाकी दाबादाबी पण भरपूर झाली. फ्रान्झ वेर्फेलची, मुसा दाग डोंगरावर आर्मेनियन लोकांनी दिलेल्या लढ्यावरची कादंबरी १९३३ ची, एमजीएमने हक्क घेतले, सिनेमा होणार होता, पण वॉशिंग्टनमधले तुर्की राजदूत मुनीर एर्तेगुन यांनी अमेरिकन परराष्ट्र खात्यामार्फत इतका दबाव आणला की स्टुडिओने माघार घेतली. शेवटी १९८२ ला कमी पैशातला एक सिनेमा निघाला तेव्हा कुणाला पडलीच नव्हती. मजा म्हणजे याच राजदूताच्या मुलाने, अहमद एर्तेगुनने, पुढे अटलांटिक रेकॉर्ड्स ही गाण्यांची कंपनी एका भागीदारासोबत काढली. २०१६ ला 'द प्रॉमिस' आला तेव्हा राजदूताची गरजच उरली नाही, टोरोंटोच्या महोत्सवात जेमतेम दोनचार शो झाले आणि आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवर हजारो लोकांनी दहापैकी एक देऊन टाकला, मग आर्मेनियन लोकांनी उलट दहापैकी दहा. कुणीच बघितलेला नाही आणि सगळ्यांचं मत तयार! तसा तो सिनेमा मला साधारणच वाटला, एक बाई, दोन पुरुष, मागे संहार चालू.

सगळ्यात जास्त डोक्यात राहिली ती अरोरा मार्डिगॅनियन. ही मुलगी स्वतः त्या तांड्यांतून वाचली, अमेरिकेत पोचली आणि १९१९ च्या मूकपटात तिलाच तिचं काम करायला लावलं. म्हणजे जे भोगलं तेच परत कॅमेऱ्यासमोर, शूटिंगमध्ये घोटा मोडला तरी काम चालूच. त्यात मुलींना क्रुसावर चढवल्याचा सीन आहे आणि म्हातारपणी तिने सांगितलं की असं झालंच नव्हतं, खरं होतं ते याच्यापेक्षा भयंकर, अमेरिकन लोकांना ते दाखवणं शक्यच नव्हतं. म्हणजे इथे खोटं घातलं ते सौम्य करायला. हे वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला.

तो मूकपट बहुतेक हरवला, वीसेक मिनिटं उरलीत. इन्ना साहाक्यानच्या 'ऑरोराज सनराइझ'मध्ये (२०२२) ते तुकडे आहेत, म्हाताऱ्या अरोराच्या मुलाखती आहेत आणि मधल्या जागा ॲनिमेशनने भरल्यात, कुठलं चित्र काढलेलं आणि कुठलं खरं ते तुम्हाला सरळ दिसतं. सुरुवात याच्यापासून करा, मग 'अरारात'. 'द प्रॉमिस' नाही बघितला तरी चालेल, ऑस्कर आयझॅकचे फॅन असाल तर तुमची मर्जी.