व्हेनिस: ‘ला त्राव्हिआता’ आणि आदल्या संध्याकाळचं बोलणं

सेंट मार्कच्या चौकातली गर्दी सोडून दोन-चार बोळ ओलांडले की काम्पो सान फान्तिन लागतं आणि समोर ला फेनीचे. बाहेरून हे ऑपेरागृह अगदीच साधं. आत मात्र छतापर्यंत सोनेरी सज्जे. हे सगळं नवं आहे: २९ जानेवारी १९९६ ला थिएटर जळून खाक झालं आणि होतं तसंच पुन्हा बांधलं. २००४ मध्ये तिथे पहिला ऑपेरा झाला तो इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ‘ला त्राव्हिआता’. १८५३ च्या ६ मार्चला याच जागी त्याचा पहिला प्रयोग सपशेल पडला होता.

मी याच ऑपेराला आलो होतो, आणि प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर त्याबद्दल बोलणार होते. मी गेलो ते मुख्यतः पाय दुखत होते आणि तिथे खुर्च्या होत्या म्हणून. बुवा इटालियनमध्ये बोलत, शेजारची मुलगी इंग्रजीत सांगे. तिची फार तारांबळ उडत होती.

त्यांनी पियानोवर सुरुवातीचे स्वर वाजवले. म्हणाले, पडदा उघडण्याआधीच व्हेर्दी शेवट सांगून टाकतो. व्हायोलिनचे हेच संथ सूर तिसऱ्या अंकात क्षयानं मरणाऱ्या नायिकेच्या, व्हायोलेत्ताच्या खोलीत परत येतात, अर्ध्या स्वरानं वर. सुरुवातीच्या या सुरांनंतर तिच्या निरोपाची धून येते. ती खाली चेलोंकडे, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यांकडे गेली की वर व्हायोलिनं नखरे करत राहतात. ‘मी वादकांना सांगतो, तिथे सुंदर वाजवू नका, उथळ वाजवा. ती पॅरिसची पार्टी आहे.’

कथा थोडक्यात अशी: पॅरिसची गणिका व्हायोलेत्ता आल्फ्रेदोवर जीव लावते. आपल्या मुलीचं लग्न मोडेल म्हणून त्याचा बाप तिला दूर व्हायला सांगतो. ती होते. व्हेर्दीला हे आजच्या काळातलं, आजच्या कपड्यांत हवं होतं. अधिकाऱ्यांनी काळ १७०० च्या आसपास ढकलला.

मग ते आले पत्रावर. शेवटच्या अंकात व्हायोलेत्ता बापाचं पत्र वाचते, तेही न गाता, साध्या बोलण्यात. खाली व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून. ‘इथे लय माझी नसते, तिची असते. रोज ती वेगळ्या ठिकाणी थांबते. मी फक्त व्हायोलिनं धरून ठेवतो.’ मरण्यापूर्वी दुखणं अचानक थांबतं, तेव्हाही ती आधी बोलते. आपल्या संगीत नाटकात पात्र बोलता बोलता पदावर येतं. इथे सगळी संध्याकाळ गाणारी बाई शेवटी बोलण्यावर येते. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी कान तिथेच लागून राहिले.

पत्रानंतर तिची मोठी आरिया, म्हणजे एकटीचं गाणं आहे, गतदिवसांना निरोप देणारी. तिचं दुसरं कडवं पुष्कळदा गाळतात. बुवांनी दोन्ही ठेवली होती, आणि मध्ये टाळ्या नकोत अशी विनंती केली होती. तिची तंद्री मोडते म्हणे. मुद्दा बरोबर असेल, पण ‘वन्स मोअर’वर वाढलेल्या माणसाला तो पटणं कठीण. पहिलं कडवं संपलं तेव्हा वरच्या सज्जातून कुणीतरी ‘ब्राव्हा’ ओरडलं, सगळं थिएटर उसळलं, आणि मीही मनसोक्त टाळ्या वाजवल्या. बुवांनी मागे वळून पाहिलं नाही.